तुटलेले बोट थेट बर्फात नको

कडबा कुट्टी यंत्र सुरू असते. मोठी माणसे वैरणीची पेंढी उचलायला वळतात आणि शेजारी खेळणारे चार-पाच वर्षांचे मूल यंत्रात हात घालते. उसाच्या रसाचा चरक, सायकलची चेन, दाराची फट यांतही मुलांची बोटे चिरडतात, तुटतात. अशा वेळी घरच्यांनी पहिल्या अर्ध्या तासात काय केले, यावर पुढची शस्त्रक्रिया बरीचशी अवलंबून असते.

हात अडकला असल्यास आधी यंत्र बंद करावे. ओढाताण करू नये. मग रक्तस्राव थांबवावा. मुलांच्या शरीरात किलोमागे साधारण ७५ ते ८० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे १५ किलोच्या मुलात जेमतेम सव्वा लिटर. त्यातले ३०० मिलिलिटर गेले, तरी पाव हिस्सा गेला! म्हणून जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे, हात उंच ठेवावा. हळद, चहापूड लावू नये. दाबूनही रक्ताची धार थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद कापडी पट्टी आवळावी व वेळ लिहून ठेवावी. सुतळी किंवा तार वापरू नये.

तुटलेला भाग सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओल्या करून पिळलेल्या कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ही पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवावी. बर्फ थेट लागला तर पेशी गोठून मरतात. पाण्यात बुडवला तर भाग फुगतो. कातडीला लोंबकळणारे बोट तोडू नये, तसेच आधार देऊन बांधावे.

बोटात स्नायू नसतात, त्यामुळे नीट थंड ठेवलेले बोट बारा तासांनंतरही जोडता येऊ शकते. मनगटाच्या वर तुटलेल्या हातात मात्र स्नायू असतात. थंड न ठेवल्यास साधारण सहा तासांत ते निकामी होतात.

१९६२ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉ. रोनाल्ड माल्ट यांच्या पथकाने मालगाडीच्या अपघातात खांद्याजवळ तुटलेला हात जोडला. अशी ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते. रुग्ण होता अवघ्या १२ वर्षांचा मुलगा. मुलांच्या नसा मोठ्यांपेक्षा चांगल्या भरून येतात, म्हणून त्यांच्यात अवयव जोडण्याचा प्रयत्न अधिक आग्रहाने केला जातो.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मुलाला खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते. जवळच्या रुग्णालयात रक्तस्राव थांबवणे, सलाइन, प्रतिजैविक व धनुर्वाताचे इंजेक्शन हे उपचार होतात. तिथूनच सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाला फोन करून घ्यावा.

चिरडलेला प्रत्येक भाग जोडता येतोच असे नाही. पण तुकडा कितीही वाईट दिसला, तरी तो घरी टाकून येऊ नये. जोडता आला नाही, तरी त्याची त्वचा जखम झाकायला उपयोगी पडू शकते.