पगार वाढेल, पण बदलीचं काय?

आठव्या वेतन आयोगाच्या बातम्यांत सगळ्यांचे डोळे एकाच आकड्यावर आहेत. फिटमेंट फॅक्टर, म्हणजे जुन्या मूळ पगाराला गुणायचा आकडा, सातव्या आयोगात २.५७ होता, आता किती? कामाशी पगाराची सांगड घालण्याचा विषय मात्र मागे पडलाय. सहाव्या आणि सातव्या आयोगांनी तशी शिफारस केली होती, ती सरसकट लागू झालीच नाही.

झाली असती तरी चित्र पालटलं असतं, असं मला वाटत नाही. कारण राजस्थानातलं उदयपूर. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि रेचल ग्लेनर्स्टर यांनी ‘सेवा मंदिर’ संस्थेसोबत तिथल्या सरकारी उपकेंद्रांतल्या नर्सची हजेरी तपासली. तारीख-वेळ उमटवणारी यंत्रं दिली. ठरल्या दिवसांपैकी निम्म्याहून जास्त दांड्या पडल्या, तर पगार कापायचा, असं आरोग्य प्रशासनानंच ठरवलं. पहिले काही महिने हजेरी झपाट्यानं वाढली. मग प्रशासनानंच पळवाट काढून दिली. दिवसच्या दिवस ‘सूट’ म्हणून माफ होऊ लागले. सोळा महिन्यांनी योजना असलेली आणि नसलेली उपकेंद्रं सारखीच ओस होती. पगार कापायचा अधिकार ज्यांच्या हाती, त्यांनाच तो वापरायचा नव्हता.

त्याच जिल्ह्यात, त्याच संस्थेनं स्वतःच्या शाळांत कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून शिक्षकांचा पगार ठरवला. इतर शाळांत शिक्षकांची गैरहजेरी ४२ टक्के, कॅमेऱ्याच्या शाळांत २१. तिथं संस्थेनं नियम शेवटपर्यंत पाळला.

मग सरकारी अधिकाऱ्याला हवं तरी काय असतं? खातेप्रमुख सतत बजेट फुगवायच्या मागे असतो, असं अर्थतज्ज्ञ विल्यम निस्कानेन यांनी १९७१ मध्ये मांडलं. आपलं दुखणं त्यात पुरतं सापडत नाही. इथं बजेटपेक्षा पोस्टिंगची ओढ मोठी. लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी यांनी आयएएस अधिकाऱ्यांच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा एका पदावरचा सरासरी मुक्काम दीड वर्षाहूनही कमी निघाला. मुख्यमंत्री बदलला की बदल्या वाढतात, हेही दिसलं. अशा अधिकाऱ्यानं तीन वर्षांचं काम हाती घ्यावंच कशाला?

महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा आणि दप्तरदिरंगाईचा कायदा आहे. एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षं, फाइल एका टेबलावर सात कामकाजी दिवसांहून जास्त नको. पण अपवादाची कलमंही त्यातच आहेत आणि मुदतपूर्व बदल्या त्याच दारानं होतात. अशा बदलीचं कारण लेखी नोंदवायची अट कायद्यातच आहे. राज्य सरकारनं ते कारण बदलीच्या आदेशासोबतच संकेतस्थळावर टाकावं. त्यासाठी कुठल्याही आयोगाच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.