बाणाचा फाळ: स्थिर पात्यांचा की उघडणाऱ्या?

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार करणारे परवानाधारक पुष्कळ आहेत. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. तो कापतो आणि जनावर रक्तस्रावाने पडते. दोन्ही फुप्फुसे आरपार छेदली गेली तर ते सहसा काही सेकंदांतच कोसळते. म्हणून फाळाची निवड करताना आधी जनावराच्या यातनांचा विचार हवा, सोयीचा नंतर.

स्थिर फाळाची पाती कायम उघडी असतात, कापण्याची रुंदी साधारण १ ते सव्वा इंच. हलणारा भागच नाही, त्यामुळे ऐनवेळी बिघडण्यासारखे काही नसते. पण उघडी पाती हवा धरतात. बाण सुटताना किंचित वाकडा निघाला, तर सरावाच्या साध्या टोकाचा नेम इथे चुकतो. धनुष्य नीट जुळवून घेणे हाच त्यावरचा उपाय.

यांत्रिक फाळाची पाती उडताना मिटलेली असतात आणि लागताच उघडतात. जखम सहसा २ इंचांपर्यंत रुंद होते, रक्ताचा माग ठळक मिळतो. मात्र उघडण्यात आणि रुंद कापण्यात बाणाची ताकद खर्च होते. ७० पौंड ओढीच्या कंपाउंड धनुष्याला ते परवडते, ४० पौंडांच्या धनुष्याला सहसा नाही. एल्कसारख्या थोराड जनावरासाठी तर मी स्थिर फाळच सुचवेन.

नियम राज्यागणिक वेगळे. अनेक ठिकाणी किमान रुंदी ७/८ इंच लागते. आणि फाळ कोणताही असो, सरावात वापरलेली पाती शिकारीआधी बदलावीत. बोथट पात्यापुढे रक्तवाहिनी कापली न जाता बाजूला सरकते.