टर्मिनलमधले रंग: ऑटो, ऑलवेज आणि नेव्हर

आजचा भाग छोटा आहे, पण रोजच्या कामाचा आहे. टर्मिनलमध्ये रंग येतात कुठून आणि ते आपल्या ताब्यात कसे ठेवायचे? ऐकणाऱ्यांसाठी कमांड बोलून दाखवतोय, इथेही तशाच लिहिल्या आहेत.

पहिली गोष्ट, रंग म्हणजे साधी अक्षरंच. प्रोग्रॅम मजकुराच्या आधी एक छोटा कोड घालतो: एस्केप हे न दिसणारं अक्षर, मग चौकोनी कंस, एक आकडा आणि शेवटी एम. आकडा 31 असेल तर लाल, 32 हिरवा, 34 निळा. 0 आला की रंग बंद. टर्मिनल हा कोड गिळतं आणि पुढची अक्षरं रंगवतं.

आता हाच मजकूर फाइलमध्ये किंवा पाइपमधून दुसऱ्या कमांडकडे गेला तर? तिथे कोड गिळणारं कोणी नाही. तो मजकुरातच पडून राहतो.

म्हणून एलएस, ग्रेपसारख्या टूल्सना कलर नावाचा पर्याय असतो आणि त्याला तीन किमती. ऑटो म्हणजे समोर टर्मिनल असेल तरच रंग. ऑलवेज म्हणजे काहीही असो, रंग द्याच. नेव्हर म्हणजे कधीच नको.

बरेच जण एलियसमध्ये ऑलवेज टाकून मोकळे होतात. इथेच घोळ होतो. समजा, लॉगमध्ये 'डिस्क फुल' असं लिहिलंय. पहिल्या ग्रेपने 'डिस्क' शोधलं आणि आउटपुट दुसऱ्या ग्रेपला दिलं, तिथे 'डिस्क फुल' शोधलं. उत्तर रिकामं येतं! कारण पहिल्याने 'डिस्क'नंतर रंग बंद करायचा कोड घातलाय, त्यामुळे दोन शब्द आता शेजारी नाहीत. डोळ्याला काहीच चुकीचं दिसत नाही, आणि सर्व्हर बंद पडलेला असताना आपण म्हणतो, 'डिस्कचा प्रॉब्लेम नाहीये.' तेव्हा एलियसमध्ये ऑटोच ठेवा.

ऑलवेज कधी वापरायचं? आउटपुट लेसमध्ये रंगीत बघायचं असेल तेव्हा. त्या वेळी लेसला डॅश कॅपिटल आर द्या, नाहीतर रंगांऐवजी कोडच दिसतील.

आता रंग बदलायचे कसे? काळ्या पडद्यावर एलएसचे गडद निळे फोल्डर वाचता येत नाहीत, ही नेहमीची तक्रार. एलएस अंडरस्कोर कलर्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये डीआय बरोबर 01, अर्धविराम, 34 असं असतं. 34 च्या जागी 36 करा, फोल्डर आकाशी दिसतील.

गिटचं जरा जास्त महत्त्वाचं. डिफमध्ये काढलेली ओळ लाल, घातलेली हिरवी. आमच्या टीममधल्या एकाला या दोन रंगांतला फरकच कळत नाही. रिव्ह्यू करताना तो फक्त अधिक-उणे चिन्हांवर चालतो. उपाय दोन ओळींचा: गिट कॉन्फिग, डॅश डॅश ग्लोबल, कलर डॉट डिफ डॉट ओल्ड, येलो. मग तसंच कलर डॉट डिफ डॉट न्यू, सायन. तुम्ही स्वतः टूल लिहीत असाल तर एवढं पाळा, की नुसत्या रंगावर माहिती सोडू नका. 'एरर' हा शब्दही लिहा.

आणखी एक. नो अंडरस्कोर कलर नावाचं व्हेरिएबल सेट केलं की बरीच नवी टूल्स रंग देणं थांबवतात. सगळीच मानतात असं नाही, पण तुमच्या टूलने मानावं.

शेवटी एक चाचणी. तुमच्या टूलचं आउटपुट पाइपने कॅट डॅश व्हीकडे पाठवा. ही कमांड न दिसणारी अक्षरं दाखवते. मजकूर स्वच्छ आला तर टूल शहाणं आहे. कोड दिसले, तर समोर टर्मिनल आहे का हे ते तपासत नाहीये, किंवा कुठेतरी ऑलवेज लपलंय. आजच करून बघा. भेटू पुढच्या भागात.