मादागास्करच्या पतंगाची लांबलेली ओळखपरेड

डार्विनच्या पतंगाची गोष्ट सांगणारे बहुतेक जण १९०३ सालापाशी थांबतात. १८६२ मध्ये डार्विनच्या हाती मादागास्करचं एक पांढरं ऑर्किड आलं. त्याची मकरंदाची नळी साडेअकरा इंच लांब, आणि मकरंद फक्त तळाच्या दीडेक इंचात. तिथवर सोंड पोचेल असा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे, असं डार्विनने लिहिलं, आणि काही कीटकतज्ज्ञांनी त्याची टर उडवली. पाच वर्षांनी निसर्गअभ्यासक वॉलेस त्याच्या बाजूने उभा राहिला. आफ्रिकेतल्या हॉकमॉथ कुळातल्या एका पतंगाची सोंड त्याने ब्रिटिश म्युझियममध्ये मोजली, ती साडेसात इंच भरली. याहून लांब सोंडेचा भाऊबंद मादागास्करमध्ये सापडेल, असं त्याने ठामपणे सांगितलं. १९०३ मध्ये तो पतंग जाहीर झाला. पण इथे गोष्ट संपवली की तिचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग राहूनच जातो. हा पतंग नेमका कोण, हे ठरायला २०२१ साल उजाडावं लागलं.

१९०३ मध्ये वॉल्टर रॉथशिल्ड आणि कार्ल जॉर्डन इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात बसून जगभरच्या हॉकमॉथ कुळाची नव्याने मांडणी करत होते. मादागास्करचे नमुने त्यांनी आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या मॉर्गनी या जातीशेजारी ठेवून पाहिले. पंखांवरची नक्षी जवळपास तीच. उलटं केल्यावर मात्र बेटावरच्या पतंगाची छाती आणि पोट गुलाबीसर दिसलं, मुख्य भूमीवरच्याचं तसं नव्हतं. एवढ्या फरकावर त्यांनी त्याला मॉर्गनीची उपजात ठरवलं आणि नाव दिलं प्रेडिक्टा, म्हणजे भाकीत केलेली. मला हा निर्णय भित्रेपणाचा वाटत नाही. मध्ये सुमारे ४०० किलोमीटरची मोझांबिक सामुद्रधुनी. दोन्हीकडचे पतंग समोरासमोर आले तर त्यांचा संकर होईल का, हे पाहण्याची सोय नव्हती. हाताशी होतं तेवढ्याच पुराव्यावर ते बोलले.

जातीचं वर्णन करणं म्हणजे रंगरूप लिहून काढणं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात हे काम फार किचकट. पंखांवरचे खवले झडतात, रंग वर्षानुवर्षांनी फिका पडतो, म्हणून नुसत्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही. नमुन्याच्या पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करतात, आतली जननांगं सोडवून काचपट्टीवर ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची घडण न्याहाळतात, कारण वरून जुळ्या वाटणाऱ्या जातींमधला फरक पुष्कळदा तिथेच सापडतो. सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून वाळलेली असते. ती मोजायची तर नमुना आधी दमट डब्यात ठेवून सैल करावा लागतो. घाई केली की तुकडा हातात येतो. टाचणीला टोचलेली स्थळ-काळाची चिठ्ठी हरवली, तर सुंदरातला सुंदर पतंगही अभ्यासाच्या फारसा कामाचा राहत नाही.

पॅरिस आणि लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयांतल्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं पुन्हा केलं आणि त्यात डीएनएची भर घातली. जाती ओळखण्यासाठी जनुकाचा जो ठरावीक तुकडा वाचतात, त्यात बेटावरचा आणि मुख्य भूमीवरचा पतंग यांच्यात जवळपास ८ टक्के फरक निघाला. पतंगांमध्ये दोन-तीन टक्के फरक आला तरी अभ्यासक थबकतात. पण हा गट नुसत्या डीएनएवर विसंबून राहिला नाही. पंख, सोंड, शरीराची घडण, सगळ्यांची साक्ष जुळली तेव्हाच २०२१ मध्ये झँथोपॅन प्रेडिक्टा ही स्वतंत्र जात झाली. तिच्या एका पतंगाची सोंड सरळ केल्यावर २८.५ सेंटिमीटर भरली. ज्ञात कीटकांमध्ये याहून लांब सोंड नाही. रॉथशिल्ड आणि जॉर्डनने टिपलेला गुलाबी रंग इतक्या वर्षांनीही ओळखीची खूण म्हणून टिकला, याचं मला विशेष वाटतं.

आपल्याकडेही असं चिकाटीचं काम झालं आहे. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात असलेल्या कारवारमध्ये टी. आर. बेल या वनाधिकाऱ्याने हॉकमॉथच्या अळ्या घरी वाढवल्या, त्या काय खातात, कोष कसा करतात हे टिपलं. स्कॉट या सहलेखकासोबत त्याने लिहिलेला भारतातल्या हॉकमॉथवरचा ग्रंथ १९३७ मध्ये निघाला आणि अभ्यासकांना तो आजही उघडावा लागतो. तगरीवर किंवा कण्हेरीवर शेपटाशी शिंग आणि डोक्यामागे दोन निळसर डोळे असलेली जाडजूड हिरवी अळी दिसली, तर ती याच कुळातली. औषध मारण्याआधी तिचा फोटो घ्या. दिव्यावर मोठा पतंग आला तर वरून घेतोच, तसा खालच्या बाजूचाही घ्या. सोबत तारीख, गाव आणि अळी असेल तर झाडाचं नाव लिहा.