अख्खा संघ एका पुठ्ठ्यावर

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत पुठ्ठ्याचा एक तुकडा १ कोटी २६ लाख डॉलरला विकला गेला. पत्त्यापेक्षा किंचित मोठा, १९५२ साली टॉप्स कंपनीने बबलगमसोबत विकलेला, आणि त्यावर न्यूयॉर्क यांकीज संघाच्या मिकी मँटलचे रंगीत चित्र. त्याच महिन्यात पिट्सबर्ग पायरेट्सच्या होनस वॅग्नरचे एक कार्ड खासगी व्यवहारात ७२ लाख ५० हजार डॉलरला गेले. ते शतकभरापूर्वी सिगारेटच्या पाकिटातून आलेले. बेसबॉल कार्डांबद्दल आपल्याकडे बातमी पोचते ती एवढीच, खेळाडूचे नाव आणि लिलावाचा आकडा. त्यातून एक समजूत घट्ट झाली आहे की जुनी कार्डे जमवायची म्हणजे बड्या खेळाडूंची जमवायची, आणि ते काम पैसेवाल्यांचे. ही समजूत मला मुळातच चुकीची वाटते. ज्याचा जीव एखाद्या संघात अडकला आहे, तो हरला तरी ज्याची निष्ठा हलत नाही, अशा चाहत्याच्या संग्रहाचा पाया म्हणजे संघाचे कार्ड. पंचवीस-तीस माणसे ओळीने उभी-बसलेली, मध्ये मॅनेजर, आणि अनेकदा पुढे मांडी घालून बसलेला बॅट सांभाळणारा पोरगा. बाजारात याला फारसे कोणी विचारत नाही. चाहत्याने मात्र सर्वांत आधी हेच शोधावे, कारण ज्या गोष्टीवर त्याचे प्रेम आहे तिचा पुरावा म्हणून एवढी नेमकी वस्तू दुसरी नाही.

या कार्डांचा जन्म तंबाखूच्या धंद्यात झाला. १८८० च्या दशकात सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. ती चुरगळू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. तो कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच पाकिटाकडे वळेल, हे कंपन्यांच्या लवकरच ध्यानात आले. आपल्याकडे काड्यापेटीचे छाप जमवणाऱ्या किंवा बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रे सांभाळणाऱ्या पिढीला हे गणित वेगळे समजावून सांगायला नको. वॅग्नरचे ते कार्ड ज्या संचातले आहे, तो अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढला. त्यात पाचशेहून अधिक कार्डे आहेत. पण वॅग्नरचे छापणे लवकर थांबले, म्हणून आज त्याच्या साठहून कमी प्रती माहीत आहेत. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या कंपनीची मक्तेदारी मोडली, तिचे तुकडे झाले. त्यातून वेगळ्या झालेल्या लिगेट अँड मायर्सने १९१३ साली आपल्या फातिमा सिगारेटसोबत निराळी गोष्ट दिली. बेसबॉलच्या सर्वोच्च मेजर लीगचे तेव्हाचे सोळा संघ, आणि प्रत्येक संघाचे एक कार्ड.

फातिमाची ही सोळा कार्डे जवळून पाहण्यासारखी आहेत. ती छापखान्यात छापलेली नाहीत. प्रत्येक कार्ड हा फोटोच्या कागदावर उमटवलेला खराखुरा फोटो आहे. भिंग धरले तर छपाईचे ठिपके दिसत नाहीत, करड्या छटा सलग एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. नंतरच्या नकला ठिपक्यांवरूनच पकडल्या जातात. कागद पातळ आणि गुळगुळीत असल्याने शंभर वर्षांत तो कडेने वळला आहे, चकाकत्या थरावर बारीक तडे गेले आहेत, आणि धड अवस्थेतले कार्ड मिळणे कठीण. पण त्या तड्यांखाली पाहा. पिट्सबर्गच्या कार्डावर तोच होनस वॅग्नर आहे, ज्याच्या एकट्याच्या चित्रासाठी लाखो डॉलर मोजले जातात. इथे तो सहकाऱ्यांच्या ओळीत, त्यांच्यापैकीच एक म्हणून उभा आहे, आणि हे कार्ड त्या किमतीच्या हजाराव्या हिश्श्यातही मिळू शकते. क्लीव्हलंडच्या कार्डावर जो जॅक्सन आहे, वॉशिंग्टनच्या कार्डावर वॉल्टर जॉन्सन. त्याहून बोलके कार्ड मला फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचे वाटते. त्या वर्षी हाच संघ जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी तो अंतिम मालिकेत हरला, आणि मालक-मॅनेजर कॉनी मॅकने एकेक मोठा खेळाडू विकला किंवा जाऊ दिला. १९१५ मध्ये हाच संघ ४३ सामने जिंकून आणि १०९ हरून तळाला गेला. त्या संघातल्या एडी कॉलिन्सचे सुटे कार्ड पाहिले तर एक उत्तम खेळाडू दिसतो. मोडण्यापूर्वीचा संघ कसा होता, कोण कोणाशेजारी उभे राहत होते, हे फक्त संघाच्या कार्डावरच दिसते.

संघाचे कार्ड काय दाखवू शकते याचे सर्वांत भेदक उदाहरण १९५६ चे आहे. त्या वर्षी टॉप्सने आपल्या ३४० कार्डांच्या मुख्य संचात पहिल्यांदा सोळाही संघांची कार्डे घातली. ब्रुकलिन डॉजर्सचे कार्ड घ्या. पावणेचार इंच रुंदीच्या त्या आडव्या पुठ्ठ्यावर चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा दिसतो, तरी भिंगाखाली माणसे ओळखू येतात. १५ एप्रिल १९४७ रोजी मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत फोडणारा जॅकी रॉबिन्सन त्यांत आहे, कॅचर रॉय कॅम्पानेला आहे, आणि त्याच ओळींत गोरे पी वी रीझ आणि ड्यूक स्नायडर. हा संघ १९५५ मध्ये पहिल्यांदा जगज्जेता झाला, त्यापूर्वी एकट्या यांकीजकडून पाच अंतिम मालिका हरून. आता त्याच संचातले बोस्टन रेड सॉक्सचे कार्ड शेजारी ठेवा. त्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, आला तो जुलै १९५९ मध्ये. १९५६ साल संपले तेव्हा सोळांपैकी तीन संघांनी, म्हणजे बोस्टन, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया फिलीज यांनी, एकाही कृष्णवर्णीयाला मैदानात उतरवले नव्हते. रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचे सुटे कार्ड कितीही सुंदर असले तरी त्यावरून ही गोष्ट कळणार नाही. संघात कोण नव्हते, हे अख्ख्या संघाच्या चित्रातच दिसते. रेड सॉक्सच्या चाहत्याने ते कार्ड अल्बममधून वगळू नये. आपल्या संघावर प्रेम करणाऱ्याने त्याच्या इतिहासातला काळा डागही जवळ ठेवला पाहिजे. आणि ज्यांना या ओळींत जागाच मिळाली नाही, त्यांची आठवण करून देणारेही हेच कार्ड. कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमध्ये खेळलेल्या जॉश गिब्सनची कारकिर्दीतली फलंदाजीची सरासरी .३७२ ही मे २०२४ पासून मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत सर्वोच्च आहे. पण तो खेळत होता तेव्हा सिगारेट आणि गम विकणाऱ्या बड्या कंपन्यांच्या संचांत त्याचे चित्र नव्हते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. संघाची कार्डे कंटाळवाणी असतात, चेहरे दिसत नाहीत, आणि भाव वाढत नाही. गमच्या पाकिटातून संघाचे कार्ड निघाले की मुले हिरमुसत, त्यांना खेळाडू हवा असे. हे खरे आहे, आणि भावाचेही खरे आहे. पण भाव कशाने ठरतो? टंचाई, प्रसिद्धी आणि अवस्था या तीन गोष्टींनी. संघाशी असलेल्या नात्याला त्यात जागा नाही. गुंतवणूकदाराला मँटल हवा, कारण तो उद्या दुसऱ्याला विकता येतो. त्याने तो जरूर घ्यावा. चाहत्याचा हिशेब मात्र वेगळा असतो. १९५६ च्या संचातली बरीचशी संघ-कार्डे, कोपरे झिजलेली पण चित्र स्वच्छ अशी, आजही अमेरिकेत साध्या हॉटेलातल्या जेवणाच्या खर्चात मिळतात. शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला आपल्या संघाची वीस वर्षे सलग लावता येतील असा हा एकमेव मार्ग आहे. आणि त्यात शोधाचा आनंद कमी नाही. १९५६ च्या सहा संघांच्या कार्डांचे तीन-तीन प्रकार आहेत. संघाचे नाव कधी डावीकडे, कधी मध्यभागी, कधी नावासोबत १९५५ हे साल. ते जुळवण्यात जाणकारांची वर्षे जातात.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. संघ म्हणजे शेवटी एक धंदा. मालक तो उचलून दुसऱ्या गावी नेतो. मग निष्ठा कशाशी? जगज्जेतेपदानंतर दोनच वर्षांनी, १९५७ चा हंगाम संपताच, डॉजर्स ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले. फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांचे एबेट्स फील्ड हे मैदान पाडायला सुरुवात झाली. त्याहून चटका लावणारी गोष्ट सिअ‍ॅटल पायलट्सची. हा संघ १९६९ चा एकच हंगाम खेळला, ६४ सामने जिंकला, ९८ हरला, दिवाळखोरीत निघाला आणि १९७० चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर मिलवॉकीला जाऊन ब्रूअर्स झाला. टॉप्सच्या १९७० च्या संचाच्या अखेरीस, ७१३ व्या क्रमांकावर, सिअ‍ॅटल पायलट्सचे संघ-कार्ड आहे. ते दुकानात पोचले तेव्हा त्या नावाचा संघच उरला नव्हता. हा आक्षेप घेणाऱ्यांना मी हेच कार्ड दाखवीन. मालकाने संघ नेला हे खरे, पण मालकाचा हक्क पुढच्या हंगामांवर चालतो. झालेला हंगाम ज्या गावाने पाहिला त्या गावाचा असतो. सिअ‍ॅटलच्या चाहत्याजवळ त्या एका वर्षाची जी थोडी वस्तुरूप साक्ष आहे, तिच्यात हे कार्ड मोलाचे आहे. संघ जितका अस्थिर, तितके त्याचे कार्ड जपणे जास्त गरजेचे.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा. हे सगळे फोटो संगणकावर फुकट दिसतात, मग पुठ्ठा कशाला? अभ्यासासाठी संगणकावरचे चित्र पुरते, हे मान्य. पण ती चित्रे मुळात कुठून आली? कोणीतरी कार्डे जपली म्हणून. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजच्या जेफरसन बर्डिक यांनी विजेच्या सामानाच्या कारखान्यात नोकरी करत तीन लाखांहून अधिक छापील चित्रे आणि कार्डे जमवली. त्यांत तीस हजारांवर कार्डे बेसबॉलची. संधिवाताने हात आखडलेले असताना त्यांनी हा सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला, वर्षानुवर्षे तिथे बसून अल्बममध्ये लावला, जानेवारी १९६३ मध्ये काम पुरे केले आणि मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. संग्राहक आजही जी वर्गवारी वापरतात ती त्यांनीच घातली. फातिमाच्या संचाला टी२०० म्हणतात ते त्यांच्या यादीवरून. आणि त्यांनी कार्डे चक्क डिंकाने चिकटवली. आजच्या बाजाराच्या लेखी हा अपराध आहे. पण त्या डिंकामुळेच संग्रह विखुरला नाही, एका जागी राहिला.

अवस्थेच्या या वेडाबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. १९९१ पासून कार्डांना एक ते दहा गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद करण्याचा व्यवसाय उभा राहिला. नकली माल ओळखायला त्याचा उपयोग होतो, हे नाकारता येत नाही. पण गुण वाढले की किंमत कित्येक पटींनी वाढते, आणि मग कात्री चालते. वॅग्नरचे सर्वांत गाजलेले कार्ड, ज्याला सुरुवातीलाच आठ गुण मिळाले होते, त्याच्या कडा कापल्याचे एका बड्या लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयासमोर कबूल केले. म्हणजे अवस्थेच्या हव्यासाने मूळ वस्तूलाच इजा केली. संघाच्या कार्डांचे आणखी एक आहे. टॉप्सच्या १९५८ च्या संघ-कार्डांच्या पाठीवर संचातल्या कार्डांची यादी छापलेली असे, आणि मुले मिळालेल्या कार्डापुढच्या चौकोनात पेनाने खूण करत. बाजार अशा कार्डाचा भाव पाडतो. मला त्या खुणा नकोशा वाटत नाहीत. कोणा मुलाला कोणते खेळाडू मिळाले आणि कोणते मिळाले नाहीत याची ती नोंद आहे, आणि कार्ड ज्यासाठी छापले होते त्यासाठीच ते वापरले गेले.

तंबाखू विकण्यासाठी काढलेली चित्रे कौतुकाने जपायची का, असेही कोणी विचारील. कौतुक धंद्याचे करू नये. पण सिगारेटच्या संचांतल्या कार्डांच्या पाठीवर त्या कंपन्यांच्या जाहिराती ठळक छापलेल्या आहेत, आणि खेळाच्या ओढीचा वापर करून व्यसन कसे विकले गेले याचा तो धडधडीत दाखला आहे. तो नष्ट करून कोणाचे भले होणार नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या, तिथल्या एखाद्या संघात जीव गुंतलेल्या मराठी वाचकाला एवढेच सांगणे. एक संघ आणि एक दशक निवडा. डबीत बंद केलेले महागडे कार्ड सोडा, झिजलेले पण न कापलेले घ्या. ते पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात, उन्हापासून दूर ठेवा. मग भिंग घेऊन बसा आणि चित्रातल्या प्रत्येक माणसाचे नाव शोधून वेगळ्या कागदावर लिहून कार्डासोबत ठेवा. राखीव पिचरचेही, आणि सापडले तर पुढे बसलेल्या त्या पोराचेही.