गोदाकाठची विसरलेली लढाई

तलवाड्याच्या त्वरितादेवीला तुम्ही गेला असाल. शनि-अमावास्येला राक्षसभुवनच्या शनिमहाराजांना तेल वाहिले असेल, गोदावरीत स्नानही केले असेल. पण ज्या काठावर तुम्ही उभे राहिलात, तिथे एकेकाळी मराठी राज्याचे भवितव्य ठरले, हे तुम्हाला कुणी सांगितले होते का? पानिपत पोरासोरांना ठाऊक असते. आपल्या गेवराई तालुक्यातली ही लढाई मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

14 जानेवारी 1761 ला पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. त्याच वर्षी नानासाहेब पेशवे वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. घरात चुलते राघोबादादा आणि पुतण्या यांच्यात कारभारावरून तंटा लागला. घर फुटले की काय होते, ते तुम्हा-आम्हाला वेगळे सांगायला नको. बांधावरच्या भांडणात तिसऱ्याचे फावते. नागपूरचे जानोजी भोसले निजामाला मिळाले. मिरजेचे गोपाळराव पटवर्धनही रुसून तिकडेच गेले. 1763 च्या उन्हाळ्यात निजामअलीच्या फौजेने पुणे लुटले, जाळले.

तेव्हा कुठे चुलता-पुतण्या एक झाले. त्यांनी उलट निजामाच्याच मुलखात धुमाकूळ घातला. बत्तीस लाखांच्या मुलखाचे वचन देऊन जानोजींना आपल्याकडे वळवले.

निजाम औरंगाबादेकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, निघाला होता. वाटेत गोदावरी आडवी आली. तेव्हा पैठणचे धरण नव्हते. जायकवाडीचे पाणी अडले ते 1976 च्या सुमारास. त्या काळी पावसाळ्यात गंगामाई दुथडी भरून वाहायची. निजाम थोड्या फौजेनिशी पलीकडे उतरला. त्याचे दिवाण राजा प्रतापवंत विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडे, राक्षसभुवनला राहिले. मध्ये पूर!

मराठ्यांनी हीच वेळ साधली. तारीख 10 ऑगस्ट 1763. दिव्याची आवस होऊन श्रावण नुकताच लागला होता. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे आणि पावसाळ्याच्या तोंडी घरी परतायचे, ही मराठी फौजेची जुनी रीत. एरवी ज्यांनी श्रावणात आपले शिवार राखायचे, अशी कितीतरी कुणबाव्याची माणसे त्या दिवशी या काठावर तलवार घेऊन उभी होती.

लढाई घनघोर झाली. हत्तीवर बसलेले राघोबादादा शत्रूच्या गराड्यात सापडले. पुतण्याला मनातला राग काढायचाच असता, तर हात बांधून नुसते बघत बसला असता तरी चालले असते. पण अठरा वर्षांचे माधवराव फौज घेऊन तुटून पडले आणि चुलत्याला सोडवून आणले. विठ्ठल सुंदर पडले. निजामाला आपली फौज मोडताना पलीकडच्या काठावरून पाहावे लागले. पाण्यापुढे त्याचे काही चालेना. सप्टेंबरात तह झाला आणि त्याला ब्याऐंशी लाखांचा मुलूख द्यावा लागला.

पानिपतानंतर मराठे संपले, असे म्हणणाऱ्यांना राक्षसभुवनने उत्तर दिले. इथून पुढे माधवरावांनी कारभार आपल्या हाती घेतला. भाऊबंदकी मात्र कायमची मिटली नाही. 1768 त धोडपला चुलता-पुतण्या पुन्हा समोरासमोर आले. पुढे क्षयाने माधवराव खंगले आणि 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेले.

पेशव्यांची आणि दिवाणांची नावे कागदावर राहिली. ज्या शिपायांचे रक्त या काळ्या मातीत मुरले, त्यांची नावे कुठे आहेत? ते तुमच्या-माझ्यासारखेच होते, आणि दोन्हीकडच्या घरांत कुणीतरी त्यांची वाट पाहत होते.

पुढल्या खेपेला राक्षसभुवनला जाल, तेव्हा दर्शन झाल्यावर पोरांना नदीकाठी घेऊन बसा आणि ही हकीकत सांगा. घरात चुलत्या-पुतण्याचा अबोला असेल, तर दोघांनाही बरोबर न्या.