चामटोलीला गाडी थांबावी, तर विषय कुठे मांडायचा?

मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस २७ जुलै २०१९ च्या पहाटे बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीच्या परिसरात पुराच्या पाण्यात अडकली. उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली होती. डब्यांत हजाराहून अधिक प्रवासी, त्यांत गरोदर बायका आणि लहान मुलंही. एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावांतली माणसं धावून आली. सगळे सुखरूप बाहेर पडेपर्यंत दुपार उलटली.

गाडी इथे थांबली ती अशी. एरवी ती थांबत नाही. कल्याण सोडल्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ ही स्थानकं दोन-दोन किलोमीटरवर येतात; बदलापूर ते वांगणी मात्र जवळजवळ ११ किलोमीटर आणि मध्ये काही नाही. चामटोलीच्या माणसाला घरामागून जाणाऱ्या लोकलचा आवाज ऐकू येतो, पण ती पकडायला रिक्षानं बदलापूरच गाठावं लागतं. इथे स्थानक व्हावं ही मागणी या भागात अनेक वर्षं ऐकू येते. ती नेमकी कुणासमोर ठेवायची, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

महापालिकेची बस असती, तर वाट सोपी होती. कल्याण-डोंबिवलीसारख्या महापालिकेत कायद्यानं परिवहन समिती असते, तिला सभापती असतो आणि बससेवेचं अंदाजपत्रक तिच्यासमोर येतं. रेल्वे केंद्राची, त्यामुळे तिथली पद्धत वेगळी. तिथे लोकांसाठी जी खुर्ची ठेवलेली आहे, तिचं नाव विभागीय रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समिती. कागदोपत्री सगळे तिला ‘डीआरयूसीसी’ म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. १९२१ साली अ‍ॅकवर्थ समितीनं रेल्वेचं अंदाजपत्रक वेगळं काढायला सांगितलं, ते सर्वांना ठाऊक असतं. प्रवाशांचं आणि व्यापाऱ्यांचं म्हणणं ऐकणाऱ्या सल्लागार समित्या असाव्यात, हेही त्याच अहवालात होतं. स्वातंत्र्यानंतर, १९५३ मध्ये या समित्यांना आजची उतरंड मिळाली: विभागाला एक, क्षेत्रीय रेल्वेला एक आणि वर राष्ट्रीय पातळीवर एक.

चामटोली मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात येते. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, म्हणजे डीआरएम, हे समितीचे अध्यक्ष आणि वाणिज्य विभागाचे वरिष्ठ अधिकारी सचिव. सदस्य असतात ते प्रवासी संघटनांचे, व्यापारी मंडळांचे, शेतकरी आणि ग्राहक संस्थांचे, अपंगांच्या संघटनांचे, शिवाय राज्य सरकारचे आणि खासदारांनी सुचवलेले. मुदत साधारण दोन वर्षांची. त्यांच्यापुढे काय मांडता येतं, हेही ठरलेलं आहे: प्रवाशांच्या सोयी, वेळापत्रक, सेवांमधली सुधारणा आणि विभागाच्या हद्दीत नवं स्थानक उघडण्याचे प्रस्ताव. कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि शिस्तभंग हे विषय वर्ज्य. म्हणजे चामटोलीचा प्रश्न या समितीच्या कक्षेत सरळ बसतो.

आता विषय पुढे कसा सरकतो ते पाहू. सदस्य आपला मुद्दा बैठकीआधी लेखी पाठवतो. तो संबंधित खात्याकडे जातो, तिथून लेखी उत्तर येतं, बैठकीत त्यावर चर्चा होते आणि इतिवृत्त निघतं. पुढच्या बैठकीत मागच्या मुद्द्यांचं काय झालं, हे विचारता येतं. माझ्या मते समितीची सगळी ताकद या विचारण्यात आहे. तिचा सल्ला रेल्वेवर बंधनकारक नाही. नवं स्थानक देणं डीआरएमच्या एकट्याच्या हातातही नसतं. विभाग व्यवहार्यता तपासतो, प्रस्ताव मुख्यालयाकडे आणि तिथून रेल्वे बोर्डाकडे जातो. पण इतिवृत्तात आलेला मुद्दा फाइलीत राहतो, आणि फाइलीतल्या मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं.

म्हणून तो लिहायचा कसा, याला महत्त्व आहे. ‘चामटोली येथे स्थानक व्हावे ही ग्रामस्थांची तीव्र मागणी आहे,’ एवढंच लिहिलं की उत्तर ठरलेलं: ‘विचाराधीन’ किंवा ‘व्यवहार्य नाही’. त्याऐवजी आठवडाभर सकाळी सहा ते दहा नाक्यावर उभं राहून वहीत नोंद करावी. बदलापूरकडे किती माणसं गेली, त्यांत विद्यार्थी किती, कामगार किती, रिक्षाला किती मिनिटं आणि किती पैसे लागले, परिसरात किती नव्या इमारतींना परवानगी मिळाली. जोडीला ग्रामसभेचा ठराव. रेल्वे स्थानकाचा विचार प्रवासीसंख्या, उत्पन्न आणि थांब्यामुळे जाणारा वेळ यांवर करते; तिच्याच भाषेत आकडे दिले, तर ते टाळणं कठीण जातं.

वेळापत्रकाचा विषय आधी नीट विचारात घेतला गेला नाही, तर काय होतं ते बदलापूरनं पाहिलंय. १९ ऑगस्ट २०२२ पासून मध्य रेल्वेनं साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकलच्या दहा फेऱ्या सुरू केल्या. कळवा आणि बदलापूरला प्रवासी संतापून उतरले आणि २५ तारखेपासून त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. आठवडाभराचा हा मनस्ताप, त्याआधी समितीच्या टेबलावर तासभर मोकळी चर्चा झाली असती, तर टळू शकला असता.

चामटोलीसाठी ही वेळ महत्त्वाची आहे, कारण बदलापूर ते कर्जत ३२ किलोमीटरची तिसरी-चौथी मार्गिका व्हायची आहे. नवे रूळ पडतात, तेव्हाच नव्या स्थानकाची जागा धरणं सोपं असतं. अंबरनाथ-बदलापूर दरम्यानचं चिखलोली स्थानक कल्याण-बदलापूर मार्गिकांच्या कामातच बसवलेलं आहे, हे लक्षात घ्यावं.

आणखी एक गोष्ट जमीन असणाऱ्यांसाठी. विशेष रेल्वे प्रकल्प म्हणून जमीन घ्यायची झाली, तर रेल्वे कायद्याच्या कलम २०अ खाली अधिसूचना निघते आणि तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत येतो, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. अधिसूचना प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि सक्षम प्राधिकाऱ्याला ती ऐकून घ्यावीच लागते. सल्लागार समितीत नसलेलं बळ इथे कायद्यानं दिलंय. मात्र एकतिसाव्या दिवशी दिलेल्या अर्जाला ते मिळत नाही. चामटोली, कासगाव, वांगणी परिसरातल्या वाचकांनी आतापासून जाहीर नोटिसांचं पान रोज उघडावं, आणि आपल्या प्रवासी संघटनेचा समितीवर कोण सदस्य आहे, हे या आठवड्यात विचारून घ्यावं.